इंग्रजी अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार: पहिलं पुस्तक हाती घेण्याआधी

मराठीतून इंग्रजीत अनुवाद करायला निघालेल्या बऱ्याच जणांना वाटतं, की आपलं पुस्तक साहित्य अकादमीच्या 'मराठी' अनुवाद पुरस्कारासाठी विचारात घेतलं जाईल. तसं होत नाही. अकादमीचा अनुवाद पुरस्कार पुस्तक कुठल्या भाषेतून आलं यावर नाही, तर कुठल्या भाषेत गेलं यावर दिला जातो. कन्नड कादंबरी मराठीत आणणाऱ्याचा विचार मराठीच्या पुरस्कारासाठी होतो. तुम्ही मराठी कादंबरी इंग्रजीत नेलीत, तर ती इंग्रजीच्या ढिगात जाते. त्या ढिगात तमिळ, मल्याळम, बंगाली, उर्दू, कोकणी अशा सगळ्या भाषांमधून इंग्रजीत आलेली पुस्तकं असतात आणि पुरस्कार वर्षाला एकच. मराठी प्रकाशनविश्वातली तुमची ओळख इथे फारशी कामाची नाही. मराठीचा गंधही नसलेल्या वाचकासमोर तुमचं इंग्रजी पुस्तक स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, आणि मूळ शेजारी ठेवून तपासलं तरी टिकलं पाहिजे.

हे टिपण नव्या माणसासाठी आहे. त्यातला पुरस्काराचा भाग छोटा आणि त्याआधीच्या कामाचा भाग मोठा आहे, कारण पुरस्काराच्या वाटेवर माणसं अडखळतात ती बहुधा फार आधी. परवानगीचं पत्र नीट नसतं, करारातला एखादा शब्द वाचायचा राहिलेला असतो, नाहीतर पुस्तकाची निवडच घाईत झालेली असते.

आधी पुरस्कार समजून घ्या

साहित्य अकादमी 1954 साली सुरू झाली. अनुवादासाठी वेगळे पुरस्कार 1989 पासून आहेत. अकादमी 24 भाषांना मान्यता देते: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. प्रत्येक भाषेसाठी तिघांची निवड समिती असते आणि तिच्या शिफारशीवर कार्यकारी मंडळ शिक्कामोर्तब करतं. पुरस्कारात 50,000 रुपये आणि ताम्रफलक मिळतो. एका कादंबरीच्या अनुवादाला दीड-दोन वर्षं सहज लागतात हे लक्षात घेतलं, तर पैशांसाठी कुणी या वाटेला जाणार नाही हे उघड आहे.

गोंधळ होतो तो कालमर्यादेत. पुरस्काराच्या वर्षाच्या लगेच आधीचं वर्ष सोडून द्यायचं आणि त्याच्या मागची पाच वर्षं धरायची. त्या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रकाशित झालेले अनुवाद विचारात घेतले जातात. म्हणजे 2022च्या पुरस्कारासाठी 2016 ते 2020 मधली पुस्तकं. तुमचं पुस्तक 2026 मध्ये आलं, तर त्याचा पहिला विचार 2028च्या पुरस्कारासाठी होईल आणि शेवटचा 2032च्या. एका पुस्तकाला पाच वेळा संधी मिळते हा या नियमाचा मोठा दिलासा आहे. पण पुस्तक बाहेर पडल्याच्या पुढच्याच वर्षी फोन वाजला नाही म्हणून खट्टू होणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी हा हिशेब केलेलाच नसतो.

'पहिल्यांदा प्रकाशित' या शब्दांकडेही लक्ष द्या. जुना अनुवाद नवं मुखपृष्ठ चढवून पुन्हा काढला म्हणून घड्याळ परत शून्यावर येत नाही.

अकादमीचा मुख्य पुरस्कार वेगळा. तो स्वतंत्र लेखनासाठी आहे, अनुवादासाठी नाही. दोन्ही एकाच वेळी मिळवणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. दिलीप चित्रे यांना 1994 साली 'एकूण कविता' या मराठी संग्रहासाठी मुख्य पुरस्कार मिळाला आणि तुकारामांच्या अभंगांच्या 'सेज तुका' या इंग्रजी अनुवादासाठी अनुवादाचाही. असे योग पुन्हा पुन्हा येत नाहीत. पण मराठीतून इंग्रजीत नेलेलं पुस्तक त्या गर्दीतून वर येऊ शकतं, याचा हा पुरावा आहे.

पुस्तक कसं निवडाल

'मला आवडलं' हे कारण चांगलं आहे, पुरेसं मात्र नाही. अनुवाद करताना तुम्ही ते पुस्तक किमान सहा-सात वेळा वाचणार आहात: समजून घेताना, पहिल्या खर्ड्यात, दुरुस्त्यांत, संपादकाच्या शंकांना उत्तरं देताना, मुद्रितशोधनात. तिसऱ्या वाचनाला कंटाळा आणणारं पुस्तक घेऊ नका.

मग ते आधी इंग्रजीत आलंय का ते शोधा. मराठी पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद विस्मृतीत जाण्यात तरबेज असतात. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, जुन्या प्रकाशन-सूचींत, अकादमीच्या स्वतःच्या यादीत नजर टाका. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही दोन्ही अकादमीनंच नव्वदच्या दशकात इंग्रजीत आणली, आणि आज हे अनेकांच्या गावीही नसतं. आधीचा अनुवाद असला म्हणून दार बंद होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा एक इंग्रजी अवतार 1950 साली 'आय फॉलो आफ्टर' या नावानं आला होता. तरीही शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तकाचा नवा अनुवाद केला, तो 2017 मध्ये प्रकाशित झाला आणि त्याला नवे वाचकही मिळाले. फक्त नव्या अनुवादाची गरज काय, याचं उत्तर तुमच्यापाशी तयार हवं. प्रकाशकाच्या पहिल्या पाच प्रश्नांत हा प्रश्न असणारच.

जुनं पुस्तक घ्यावं की नवं? माझं मत जुन्याकडे झुकतं. दया पवारांचं 'बलुतं' 1978चं. इंग्रजीत जेरी पिंटो यांनी ते आणलं 2015 मध्ये. बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह 1963चा, इंग्रजीत पोहोचला 2018 मध्ये. मधली 55 वर्षं मराठी वाचकाला ते पुस्तक केवढं मोठं आहे हे ठाऊक होतं आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. अशी पुस्तकं अजून पुष्कळ पडून आहेत. अकादमीचा पुरस्कार महत्त्वाच्या साहित्यकृतीच्या उत्तम अनुवादाला दिला जातो, त्यामुळे मूळ पुस्तकाचं वजनही हिशेबात येतं. नव्या लेखकाच्या पुस्तकाचा फायदा वेगळा. लेखक हाताशी असतो, शंका विचारता येतात आणि प्रकाशनानंतर कार्यक्रमांना तो सोबत येतो.

कवितेचं वेडच असेल तर करा, पण इंग्रजीत कवितांचे अनुवाद छापणारे प्रकाशक मोजके आहेत. कथासंग्रहाची सोय अशी, की एकेक कथा नियतकालिकांत देता येते. कथेतर लेखनाला अनुवादक कमी मिळतात, आणि तिथे एक चांगली पाठ्यवृत्ती आहे. न्यू इंडिया फाउंडेशन दहा भारतीय भाषांमधल्या, 1850 नंतरच्या कथेतर लेखनाच्या इंग्रजी अनुवादासाठी सहा महिन्यांकरता सहा लाख रुपयांची पाठ्यवृत्ती देत आलं आहे. त्या दहा भाषांत मराठी आहे. पहिल्याच तुकडीत शरद् पाटलांच्या मार्क्सवाद आणि फुले-आंबेडकरवादावरच्या ग्रंथासाठी राहुल सरवटे यांची निवड झाली होती. अनुवादकाला काम करण्याआधी पैसे देणाऱ्या जागा फार थोड्या असतात, तेव्हा ही नजरेआड करू नका.

परवानगी: आधी पत्र, मग पहिलं पान

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग.

आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं साहित्यकृतीवर हक्क राहतो. ही 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं आहे. मर्ढेकर 1956 साली गेले. त्यांचं 2017 पासून. अण्णा भाऊ साठे 1969 साली गेले, म्हणजे त्यांच्यासाठी 2029 संपेपर्यंत परवानगी लागेल. वि. स. खांडेकर गेले 1976 साली, तिथे 2036 संपेपर्यंत. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हिशेब वेगळा, तो प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. आणि मूळ मजकूर खुला झाला तरी नव्या आवृत्तीला कुणी लिहिलेली प्रस्तावना किंवा टिपा खुल्या होत नाहीत.

अनुवाद करण्याचा हक्क मूळ हक्कदाराचा असतो. हौसेखातर घरी बसून अनुवाद केला तर पोलीस येणार नाहीत, पण तो छापता येणार नाही आणि वर्षभराची मेहनत कपाटात जाईल. म्हणून नमुन्याच्या काही पानांपलीकडे एक पानही करण्याआधी परवानगी घ्या.

हक्क कुणाकडे आहे, इथेच पहिली पायपीट होते. मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर 'सर्व हक्क लेखकाधीन' असं असेल तर लेखकाशी किंवा वारसांशी बोला. प्रकाशकाचं नाव असेल तर प्रकाशकाशी बोला, पण लेखकालाही विचारा. जुन्या करारांत अनुवादाचा उल्लेखच नसतो असं पुष्कळदा आढळतं. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची सही घ्या. पुण्यातल्या थोरल्या मुलानं 'माझं काय, खुशाल करा' म्हटलं आणि अमेरिकेतल्या धाकट्या मुलीला कुणी विचारलंच नाही, तर पुस्तक छापखान्यात असताना पत्र येतं. वारसांना पहिल्यांदा भेटायला जाताना कागद पुढे करू नका. पुस्तकाविषयी बोला, तुमचा नमुना वाचून दाखवा. बहुतेक घरांना आपल्या आईवडिलांचं कुणी इतकं बारकाईनं वाचलंय याचाच आनंद होतो आणि पुढचं सोपं जातं.

परवानगी लेखी हवी. फोनवरचा होकार आणि व्हॉट्सॲपवरचा अंगठा यांच्यावर भिस्त ठेवू नका. त्या पत्रात दोन गोष्टी लिहिल्या नाहीत, तर कायदा त्या तुमच्या वतीनं भरून टाकतो आणि त्या तुमच्या सोयीच्या नसतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. पाच वर्षांत तुमचा अनुवाद पूर्ण होऊन प्रकाशक मिळाला, तरी पुस्तक बाजारात येईपर्यंत मुदत संपत आलेली असेल. आणि प्रदेश फक्त भारत असला, तर उद्या लंडनच्या प्रकाशकाला रस निर्माण झाल्यावर तुम्हाला सुरुवातीपासून धावपळ. म्हणून पत्रात 'इंग्रजी अनुवाद, जगभरासाठी, छापील, ई-बुक आणि ऑडिओ स्वरूपात' असं स्पष्ट लिहून मुदतही आकड्यात घाला.

तिसरी मेख याहून छुपी. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर तो हक्क गळून पडू शकतो. अनुवादाला वर्षभर तर लागतंच. तेव्हा 'अनुवाद पूर्ण करून प्रकाशक शोधण्यासाठी अमुक वर्षं' असं वाक्य हवंच. वकिलाला एकदा कागद दाखवा. त्याची फी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा खर्च ठरेल.

लेखकाचा नैतिक हक्कही लक्षात असू द्या. कंटाळवाणं वाटलं म्हणून प्रकरण गाळणं, शेवट बदलणं, शिव्या पुसणं हे परस्पर करता येत नाही. काही गाळायचंच असेल तर लेखी संमती घ्या आणि अनुवादकाच्या टिपणात ते सांगा.

नमुना तयार करा आणि तो बाहेर काढा

संपूर्ण पुस्तक संपवून मग प्रकाशक शोधायचा, हा सरळ पण जोखमीचा रस्ता आहे. त्याऐवजी वीस-पंचवीस पानांचा नमुना करा. सुरुवातीचीच पानं असली पाहिजेत असं नाही. पुस्तकाचा आवाज जिथे पूर्ण लागलाय तो भाग घ्या. सोबत दोन पानांचं टिपण ठेवा: लेखक कोण, पुस्तकाचं मराठीतलं स्थान काय, आत्ताच इंग्रजीत का, हक्कांची स्थिती काय आणि तुम्ही कोण.

नमुना दोन माणसांना वाचायला द्या. एकाला मराठी अजिबात येत नसावं. तो कुठे अडतो आणि कुठे पान उलटायची घाई करतो एवढंच बघा. दुसऱ्याला मराठी उत्तम येत असावं आणि तुमची भीडभाड नसावी. घरच्यांना देऊ नका, ते कौतुक करतात.

एखादी कथा किंवा प्रकरण आधी नियतकालिकात येऊ द्या. अकादमीचं 'इंडियन लिटरेचर' हे इंग्रजी द्वैमासिक 1957 पासून चालू आहे आणि भारतीय भाषांमधले अनुवाद हा त्याचा मुख्य ऐवज. ऑनलाइन जगात 'आउट ऑफ प्रिंट', 'द बॉम्बे लिटररी मॅगझिन', 'असिम्टोट' आणि 'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' अनुवाद छापतात. इथलं मानधन तुटपुंजं किंवा शून्य. फायदा असा, की प्रकाशन-संपादक ही पानं वाचतात आणि तुमचा नमुना एखाद्या अनोळखी ईमेलला जोडलेली फाइल राहत नाही.

ब्रिटनमधल्या इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेनं 2022 मध्ये सुरू केलेला 'पेन प्रेझेंट्स' हा उपक्रम नमुना-अनुवादासाठीच पैसे देतो. शिकागो विद्यापीठाचा 'सॉल्ट' हा दक्षिण आशियाई साहित्याच्या अनुवादाचा प्रकल्पही आहे. या ठिकाणी अर्ज करताना जे टिपण लिहावं लागतं, तेच पुढे प्रकाशकाला पाठवता येतं. म्हणजे नकार आला तरी मजुरी फुकट जात नाही.

काम करताना

कुठल्या आवृत्तीवरून अनुवाद करताय हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि वहीत लिहा. मराठी पुस्तकं आवृत्तीगणिक बदलतात. लेखक दुरुस्त्या करतो, मुद्रितशोधक नवे घोटाळे करतो, शालेय संक्षिप्त आवृत्त्या निघतात. संतसाहित्यात तर गाथेची प्रत कोणती हा पहिला प्रश्न असतो. मूळ ताडून पाहणाऱ्या परीक्षकाच्या हातात वेगळी आवृत्ती असली, तर तुम्ही न गाळलेलं वाक्यही गाळल्यासारखं दिसेल. म्हणून टिपणात आवृत्तीचं साल द्या.

मराठी कथनात एक खोड आहे जी आपल्याला दिसतही नाही. भूतकाळात चाललेली गोष्ट रंगात आली, की सहज वर्तमानकाळात उडी मारते आणि परत येते. 'तो आत गेला. बघतो तर काय, सगळे जेवायला बसलेले.' इंग्रजीत हे जसंच्या तसं नेलं तर संपादक ती चूक समजून सरळ करून टाकतो. तुम्हाला ही उडी ठेवायची असेल तर पुस्तकभर सुसंगतपणे ठेवा आणि संपादकाला आधी सांगा. ठेवायची नसेल तर तिचा वेग दुसऱ्या मार्गानं आणा, वाक्यं तोडून, क्रियापद पुढे ओढून. अर्धवट ठेवलेली उडी सगळ्यात वाईट.

बोलीचा प्रश्न याहून अवघड. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी संवादांना इंग्लंडमधल्या खेडवळ इंग्रजीचा पोशाख घालू नका. मराठवाड्यातली म्हातारी एकदम यॉर्कशायरची वाटते. बोली इंग्रजीत शब्दांपेक्षा लयीत उतरते: वाक्याची लांबी, कशावर जोर, काय न बोलता सोडलंय. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत असेल तर त्या दोहोंतलं अंतर ऐकू आलं पाहिजे, एवढं जमलं तरी खूप.

'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्या इंग्रजीत नाहीत. सून सासऱ्याशी बोलतेय की नवऱ्याशी, मजूर मुकादमाशी बोलतोय की भावाशी, हे दुसरीकडून दाखवावं लागतं. नात्यांची नावं तशीच राहू द्या; आत्या, जाऊ, नणंद हे वाचकाला दोन-तीन प्रसंगांत कळतं. कोस, मण, आणे यांचंही तेच. तळटीपांचा मोह कथा-कादंबरीत आवरा. शेवटी शब्दसूची दिली तर आटोपशीर द्या. म्हणीच्या जागी इंग्रजी म्हण बसवू नका, त्यानं गाव बदलतं.

दलित आत्मकथनांत जातिवाचक शिव्या येतात, आणि काही संपादक त्या बोथट करायला सुचवतात. त्या शिव्या लेखकानं सोसलेल्या असतात. बोथट करण्याचा अधिकार तुमचाही नाही आणि संपादकाचाही.

शंकांची एक यादी सतत चालू ठेवा: पान क्रमांक, मूळ वाक्य, तुमचा अंदाज. लेखकाला रोज एक प्रश्न विचारून बेजार करू नका. पंचवीस-तीस साठले की एकदम विचारा. वय झालेल्या लेखकाकडे समोर बसून वाचून घ्या आणि परवानगीनं ध्वनिमुद्रित करा. पुस्तकाबाहेरचं पुष्कळ हाती लागतं.

प्रकाशक आणि करार

मराठीतून इंग्रजीत आलेल्या पुस्तकांची शेवटची पानं चाळली की कुणाला कशात रस आहे ते कळतं. पेंग्विन रँडम हाउस आणि हार्परकॉलिन्स आहेतच. स्पीकिंग टायगरनं मराठीतून बरंच काही काढलंय. स्त्री-साम्या, झुबान, नवयाना, ओरिएंट ब्लॅकस्वान यांची प्रत्येकाची आपापली आवड आहे. वेस्टलँडचा 'एका' हा विभाग अनुवादांसाठीच आहे. आणि नागपूरकडे नजर असू द्या: योगेश मैत्रेय यांचं पँथर्स पॉ पब्लिकेशन मराठीतलं आंबेडकरी साहित्य इंग्रजीत आणतं. छोट्या प्रकाशकाकडे आगाऊ रक्कम कमी मिळते, पण पुस्तकाची काळजी जास्त घेतली जाते असा माझा तरी समज आहे.

करारात चार गोष्टी बघा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर, आतल्या पानात बारीक टाइपात नव्हे. अनुवादाचा कॉपीराइट तुमच्या नावावर. मूळ लेखकाचा हक्क मुळावर राहतो, पण तुमच्या इंग्रजी वाक्यांवरचा तुमचा. मानधन एकरकमी की विक्रीवर, आणि विक्रीवर असेल तर लेखक-अनुवादक वाटणी किती. चौथी गोष्ट अशी, की पुस्तक बाजारातून गेलं तर हक्क तुमच्याकडे कसे परत येतील. हे कलम किती मोलाचं असतं ते 2022 मध्ये दिसलं. वेस्टलँडची तेव्हाची मालक ॲमेझॉन, तिनं फेब्रुवारीत वेस्टलँड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि शेकडो पुस्तकांचं काय होणार हे लेखक-अनुवादकांना एका रात्रीत कळेनासं झालं. पुढे वेस्टलँडची तीच मंडळी प्रतिलिपी या ऑनलाइन लेखन-मंचाच्या साथीनं पुन्हा उभी राहिली. पेरुमाळ मुरुगन यांच्या तमिळ कादंबरीचा एन. कल्याण रामन यांनी केलेला 'पूनाची' हा अनुवाद वेस्टलँडनंच काढला होता, आणि 2022चा इंग्रजीचा अकादमी अनुवाद पुरस्कार त्यालाच मिळाला.

पुस्तक आल्यावर

इथे तुमच्या हातात फार काही नसतं. पण जे आहे ते करा. अकादमीच्या संकेतस्थळावरची त्या वर्षीची सूचना आणि नियमावली स्वतः वाचा. प्रकाशकाच्या भरवशावर राहू नका, त्याच्याकडे अशी वीस पुस्तकं असतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी पात्रतेची अट पहिल्यांदा वाचावी. मुंबईत अकादमीचं विभागीय कार्यालय दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्गावर आहे. तिथे चौकशी करता येते, त्यांचे अनुवादाचे कार्यक्रमही होतात आणि इतर भाषांतले अनुवादक तिथेच भेटतात. ओळखीच्या ज्येष्ठाकरवी 'शब्द टाकणं' हा प्रकार मात्र करू नका. जग लहान आहे, आणि या क्षेत्रात तर फारच.

पात्रतेची पाचही वर्षं पुस्तक विकत मिळत राहायला हवं. परीक्षणं, मुलाखती, अभ्यासक्रमात झालेला समावेश यांची एक फाइल ठेवा.

अकादमीपलीकडच्या वाटा

एकाच पुरस्कारावर डोळा ठेवून वर्षं काढू नयेत. भारतीय लेखकांच्या कथात्म साहित्यासाठीचा जेसीबी पुरस्कार 2018 पासून दिला गेला आणि 2024 पर्यंतच्या सात मानकऱ्यांत पाच अनुवादित पुस्तकं होती: तीन मल्याळममधून, एक उर्दूतून, एक तमिळमधून. मराठीतून एकही नाही. 2024च्या अंतिम पाचांत मात्र शरणकुमार लिंबाळे यांची 'सनातन' ही कादंबरी पारोमिता सेनगुप्ता यांच्या अनुवादात पोहोचली होती. मल्याळमकडे मराठीहून मोठे लेखक आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं एकमेकांचं काम वाचणारे इंग्रजी अनुवादक आणि संपादक जास्त आहेत, एवढा फरक मला दिसतो.

आंतरराष्ट्रीय बुकरसाठी पुस्तक ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित व्हावं लागतं. तिथले 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. 2022 मध्ये हिंदीतून गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, 2025 मध्ये कन्नडमधून बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना तो मिळाला. परवानगीच्या पत्रातला 'जगभरासाठी' हा शब्द इथे उपयोगी पडतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी तिथला राष्ट्रीय पुरस्कार आहे. अमेरिकन लिटररी ट्रान्सलेटर्स असोसिएशन ही अनुवादकांची संस्था 1978 पासून आहे आणि तिचा नॅशनल ट्रान्सलेशन अवॉर्ड 1998 पासून. 2015 पासून त्याचे गद्य आणि पद्य असे दोन भाग झाले. आदल्या वर्षी प्रकाशित झालेली पुस्तकं तिथे विचारात घेतली जातात, आणि अनुवाद मुळाशी ताडून पाहिला जातो. कवितेचा अनुवाद असेल तर त्याच संस्थेचा आशियाई भाषांसाठीचा लुसियन स्ट्रिक पुरस्कारही आहे. तिथे पाच वर्षांची सवलत नाही. म्हणून पुस्तक कुठल्या वर्षात बाहेर पडणार हे प्रकाशकाशी आधीच बोलून घ्या, आणि पुस्तकं पाठवण्याची मुदत त्याच बैठकीत दोघांच्याही कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.